जुनं नाणं हवंय? आधी शिसं शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवताय, चालू नाणी डबाभर जमली, बाटल्यांची बुचं आणि कॅनच्या कड्या तर मोजणंच सोडून दिलंत, पण शंभर वर्षांपूर्वीचं एकही नाणं हाताला लागलेलं नाही. आणखी महागाचं मशीन घ्यावं का, आणि उद्या खरंच काही सापडलं तर ते साफ कसं करायचं?

मशीनचं आधी सांगून टाकतो. बहुतेक बदलावं लागणार नाही. बदलायची आहे ती जागा, आणि त्याहून जास्त जायची वेळ. मी वीसेक वर्षं हा उद्योग करतोय. त्यातली पहिली चार तुमच्यासारखीच गेली, तेव्हा तुमची चिडचिड मला नीट कळते.

तुम्ही शोधताय ती माणसांच्या बसण्याची जागा. कोरडी वाळू, चटया, खिशातून घरंगळलेली नाणी. सरावाला ती उत्तम. पण तिथल्या वरच्या वीतभर वाळूत जे आहे ते गेल्या काही वर्षांतलं. शंभर वर्षांपूर्वीही माणसांच्या खिशातून नाणी पडत होतीच, मात्र ती पडल्या जागी राहिलेली नाहीत. प्रत्येक मोठ्या वादळात लाटा वाळू खोलवर ढवळतात, वाळू तरंगते, आणि जड वस्तू त्या पातळ झालेल्या वाळूतून आणखी खाली उतरते. कुठवर? जिथे लाटेला पुढे उकरता येत नाही तिथवर. चिकणमातीचा थर, गोटे, घट्ट बसलेला शिंपल्यांचा चुरा, नाहीतर सरळ कातळ. जुनी नाणी या तळावर बसलेली असतात आणि त्यांच्यावर कधी हातभर, कधी पुरुषभर वाळू असते. चांगल्या मशीनला नाण्याएवढी वस्तू वीत-सव्वा वीत खोल ऐकू येते, फार तर दीड वीत. त्यामुळे दुप्पट पैसे मोजून चार बोटं जास्त खोली विकत घेण्यापेक्षा समुद्राने स्वतःहून वाळू उचलून नेली त्या दिवशी तिथे हजर असणं जास्त फायद्याचं.

आता शिशाची गोष्ट. माझं सगळं गणित त्यावर चालतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

वाळू मुख्यतः गारेची, म्हणजे क्वार्ट्झची. तिची घनता २.६५ च्या आसपास. ॲल्युमिनियम २.७. तांबं ८.९, चांदी १०.५, शिसं ११.३, सोनं १९.३. पाण्यात प्रत्येक वस्तूचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतकं घटतं, म्हणून पाण्यात चांदीचा तुकडा तेवढ्याच आकाराच्या गारेच्या कणापेक्षा जवळजवळ पावणेसहा पट जड ठरतो. ॲल्युमिनियमची कडी मात्र वाळूच्याच वजनाची. वाळू जिथे जाईल तिथे ती जाते आणि वाळू साचली की तीही साचते. तेव्हा एखाद्या पट्ट्यात तुम्हाला कड्या, पन्नी आणि कॅनचे तुकडेच मिळत असतील, तर लाटेने तिथे हलका माल टाकलाय. अर्धा तास घालवा, वाटल्यास पाऊण, पण दिवस घालवू नका.

आणि ज्या पट्ट्यात गळाला बांधायचं शिसं, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, जुने पितळी खिळे, लोखंडाची गंजून दगड झालेली ढेकळं असं काही निघतं, तिथे लाटेने जड माल ठेवलाय. चांदीची घनता शिशाच्या जवळची आहे, सोन्याची त्याहून जास्त. ज्या लाटेने शिसं तिथे सोडलं तीच लाट नाणंही तिथेच सोडणार. म्हणून शिशाचा पहिला तुकडा निघाला की मी थांबतो. दुसरा निघाला की पिशवी खाली ठेवतो. तिसरा निघाला की त्या दिवशी दुसरीकडे जात नाही. बाकीचे लोक शिसं निघालं की वैतागून फेकून देतात. (फेकू नका, विषारी आहे, पक्ष्यांच्या पोटात जातं. माझ्याकडे दोन बादल्या भरल्या आहेत.)

एक पोटनियमही लक्षात ठेवा. नाणं जड असलं तरी चपटं असतं. पातळ नाणं पाण्यात पानासारखं डुलत खाली जातं, आणि लाट त्याला कडेने उचलू शकते. त्यामुळे फार पातळ नाणी शिशाच्या पट्ट्यापासून थोडी वर, किनाऱ्याच्या बाजूला निघतात. अंतर जागेगणिक बदलतं, पण दिशा बहुधा हीच.

हा जड मालाचा पट्टा ओळखायचा कसा? डोळ्यांनी आणि टाचांनी. वादळी, आखूड, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि तिथे पाण्याखाली तिचा दांडा तयार होतो. शांत दिवसांतल्या लांब, सुस्त लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे वादळ ओसरल्यावर किनारा उघडा असतो आणि नंतरच्या प्रत्येक शांत दिवशी पुन्हा झाकला जातो. कधी आठवडाभर संधी मिळते, कधी दोनच भरत्या. रविवारी जाऊ म्हटलंत की संपलं.

गेल्यावर मशीन चालू करण्याआधी चाला. वाळूत उभी कातरलेली पायरी दिसते का? घोट्यापासून कमरेपर्यंत, कितीही उंच असू शकते. ती दिसली की पायरीवर नाही, पायरीच्या खाली शोधायचं. वरची वाळू खरवडून गेल्याने जुना थर तिथे वर आलेला असतो. पाण्याला समांतर पन्हळ पडली आहे का? परतीचं पाणी तिथून वाहतं आणि हलकं सगळं धुऊन नेतं. वाळूवर काळ्या रेघा आहेत का? ती लोहयुक्त जड वाळू, मॅग्नेटाइट वगैरे. ती जिथे साचते तिथे इतर जड गोष्टीही साचतात, जरी मशीनला तिचा त्रास होतो. टाच दाबून बघा. ताजी साचलेली वाळू भुसभुशीत असते, पाय रुततो. जुनी, उघडी पडलेली वाळू फरशीसारखी लागते. नुसत्या टाचेच्या अंदाजावर मी कितीतरी सकाळी वाचवल्या आहेत: दहा मिनिटांत परत घरी.

एक साधी सवय लावून घ्या. किनाऱ्यावरची हलणार नाही अशी एखादी गोष्ट निवडा, जेट्टीचा खांब, पायऱ्या, भिंत. दर वेळी एकाच जागेवरून तिचा फोटो काढा. खांबावर वाळू कुठवर आहे हे महिनोन्‌महिने बघितलं की तुमच्या किनाऱ्याची नेहमीची पातळी कळते, आणि ज्या दिवशी ती गुडघाभर खाली गेलेली दिसेल त्या दिवशी बाकीची कामं आपोआप रद्द होतील.

ओहोटीचंही तसंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवस नंतर, उधाणाची ओहोटी सर्वांत खाली जाते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाणी फार हटत नाही. ओहोटीच्या तळाच्या दोन तास आधी पोचा, पाण्यामागोमाग खाली उतरत जा, आणि पाणी वळलं की वर या. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. पन्हळीत काम करताना तर विशेष जपा: भरती समोरून येताना दिसते, पण पन्हळ बाजूने आधी भरते आणि तुमच्या पाठीमागे पाणी आलेलं कळतही नाही, कारण कानांवर हेडफोन असतात. एकदा कमरेइतक्या पाण्यातून मशीन डोक्यावर धरून बाहेर आलोय. हसण्यासारखं नव्हतं.

आता हे सगळं एका जागी कसं जुळतं त्याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १७१५ च्या जुलैअखेर अमेरिका खंडातल्या वसाहतींचा खजिना घेऊन निघालेला स्पॅनिश ताफा फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ चक्रीवादळात सापडला आणि त्यातली ११ जहाजं बुडाली. सुमारे सव्वादोनशे वर्षांनंतर किप वॅगनर नावाच्या तिथल्या एका बांधकाम व्यावसायिकाला वादळांनंतर किनाऱ्यावर चांदीची काळपटलेली नाणी मिळू लागली. सैन्याने विकायला काढलेला जुना सुरुंगशोधक घेऊन त्याने किनारा पिंजून काढला. पण मला त्याच्या मशीनपेक्षा त्याची नजर मोठी वाटते. त्याच्या लक्षात आलं की मिळणाऱ्या नाण्यांवर १७१५ नंतरचं साल एकदाही येत नाही. एखाद्या ढिगातल्या सगळ्यांत अलीकडच्या नाण्याचं साल म्हणजे तो ढीग त्याआधी तिथे पडलेला नाही. आणि शेकडो नाण्यांत सगळ्यांत अलीकडचं साल पुन्हा पुन्हा तेच असेल, तर तो माल एकदम, त्याच सुमाराला पडलेला आहे. त्या एका विचाराने त्याला किनाऱ्यावरून पाण्यातल्या जहाजापर्यंत नेलं. आजही त्या किनाऱ्यावर मोठ्या वादळानंतर नाणी वर येतात, तीनशे वर्षं उलटून गेल्यावरसुद्धा.

दुसरं उदाहरण तांब्याचं. अमेरिकेतच डेलावेअरच्या किनाऱ्याचा एक तुकडा ‘कॉइन बीच’ म्हणूनच ओळखला जातो. १७८५ मध्ये ‘फेथफुल स्टुअर्ड’ हे जहाज तिथे फुटलं. त्यात अर्ध्या पेनीच्या तांब्याच्या नाण्यांची पिंपं होती, आणि त्यातली बरीच नाणी त्या काळातलीच बनावट होती. तिथली नाणी बहुतेक वेळा घासून गुळगुळीत झालेली मिळतात. वाळू आणि लाट मिळून केवढी कानस चालवतात ते त्यावरून कळतं.

जवळ फुटलेलं जहाज असायलाच हवं असं नाही. समुद्राने खाल्लेला काठ, ज्यावर कधीकाळी वस्ती होती. बंद पडलेला जुना धक्का. नदी समुद्राला मिळते ती जागा. जिथे होड्या ओढून वर घेत तो उतार. जुने नकाशे आणि आजचा नकाशा शेजारी ठेवा आणि किनारा किती सरकलाय ते बघा. उलट, किनारा रुंद करण्यासाठी बाहेरून वाळू आणून टाकलेली असेल तर जुना थर कायमचा पुरला गेला असं धरून चाला. त्या वाळूत जे मिळेल ते जिथून वाळू उपसली तिथलं. कधीकधी तेही गमतीचं असतं.

मशीनबद्दल तुम्ही विचारलंतच म्हणून. तुमचं मशीन एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीचं, सर्वसाधारण प्रकारचं) असेल तर ओल्या खारट वाळूवर ते कटकट करणारच. खारं पाणी वीज वाहून नेतं, आणि मशीनच्या कानाला ती ओली वाळू म्हणजे जमिनीभर पसरलेली पातळ पन्नी वाटते. त्यावर दोन उपाय. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन खाऱ्या पाण्याचा आवाज वजा करू शकतं. किनाऱ्यासाठी आज बहुतेक लोक हेच घेतात, आणि मीही हेच सांगेन. दुसरं, पल्स इंडक्शन. ते विजेचा ठोका देतं, क्षणभर थांबतं आणि मग ऐकतं. खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद त्या दहा-पंधरा मायक्रोसेकंदांत विझून जातो, धातूचा रेंगाळतो. काळी वाळू असो, खारं पाणी असो, त्याला फारसा फरक पडत नाही आणि खोलीही जास्त मिळते. पण लोखंड की चांदी हे ते जवळजवळ सांगतच नाही, त्यामुळे प्रत्येक खिळा खणावा लागतो. तरुण पाठ असेल तर जरूर घ्या.

एकच फ्रिक्वेन्सी असली तरी काम भागतं: सेन्सिटिव्हिटी मशीन शांत होईपर्यंत कमी करा. हे लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं आकडा जितका मोठा तितकं खोल. कटकटणाऱ्या मशीनवर खोल नाण्याचा पुसटसा सूर ऐकूच येणार नाही. शांत मशीनवर दोन आकडे कमी ठेवूनही येईल. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज वजा करायची सोय, ओल्या वाळूवर वेगळा आणि कोरड्यावर वेगळा करा, आणि शक्यतो पाण्याला समांतर चाला, म्हणजे ओलावा सतत बदलत राहणार नाही. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, वाळूला घासून, सपाट, सावकाश फिरवा. फेरीच्या टोकाला हात वर जातो आणि कॉइल वाळूपासून सुटते, ही सर्वांची खोड. तिथेच चार बोटं खोली जाते. पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवा, नांगराचं तास घालताना मध्ये बिननांगरलेली पट्टी सोडत नाहीत तसं.

डिस्क्रिमिनेशनवर, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज मशीनने गाळण्यावर, बहुतेकांचा भर फार असतो. पन्नीच्या आणि कड्यांच्या आकड्यांचा पट्टा तुम्ही मशीनवर बंद करून टाकला असेल, तर जुन्या नाण्यांपैकी बरीचशी तिथेच गेली. मशीन जो आकडा दाखवतं तो नुसत्या धातूचा नसतो; धातू, आकार आणि जाडी मिळून तो बनतो. स्पॅनिश अमेरिकेत पत्र्यासारखी कापून ठोकलेली ‘कॉब’ नाणी घ्या. आठ रेआलचं (रेआल म्हणजे जुनं स्पॅनिश चलन) नाणं सुमारे २७ ग्रॅमचं, ते दणदणीत वाजतं. अर्ध्या रेआलचं पावणेदोन ग्रॅमच्या आतबाहेरचं, पातळ, कडा झिजलेलं. चांदी अस्सल असूनही ते पन्नीच्या शेजारी बोलतं. सोन्याची बारीक नाणीही तिथेच. म्हणून कोरड्या वाळूवर हवं तर गाळण लावा, पण वादळानंतरच्या उघड्या थरावर लोखंड सोडून काहीही गाळू नका. शिशाचा पट्टा लागला की लोखंडसुद्धा गाळू नका.

उलटी फसवणूकही असते. मोठं, गंजलेलं, खोल लोखंड कधीकधी चांदीच्या आकड्यावर जाऊन बसतं. बाटलीचं पोलादी बुच नाण्याची हुबेहूब नक्कल करतं. अशा वेळी नव्वद अंशात वळून त्याच जागेवरून पुन्हा फिरवा. नाणं दोन्ही दिशांनी एकाच जागी, गोल, छोटा, स्वच्छ आवाज देतं. बुचाचा आवाज सरकतो, फाटतो, कॉइलची कड वरून नेली तर मध्येच लोखंडासारखा घरघरतो. ही कसोटी दहापैकी सात-आठ वेळा चालते. उरलेल्या वेळी खणा, त्यात काय एवढं.

लोखंडी धक्क्याजवळ किंवा सळया असलेल्या काँक्रीटजवळ मशीन बहिरं होतं, हे गृहीत धरा. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असंच विद्युत उपकरण वापरलं होतं, आणि पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारांनी त्याला चकवलं. तंत्र पुढे गेलं, अडचण तीच आहे. असल्या जागी छोटी कॉइल लावा.

खणायला भोकांचं फावडं वापरत असाल, मोठ्या झाऱ्यासारखं, तर भोकांचा व्यास बघा. बारा मिलिमीटरच्या भोकातून झिजलेला अर्धा रेआल निसटू शकतो आणि तुम्ही तासभर त्याच खड्ड्यात वेड्यासारखे शोधत राहता. पाण्याच्या काठावर सिग्नल मिळाला तर लाट येण्याआधी अलीकडून, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूने, टाच रोवून उभे राहा. सिग्नलच्या जागी पाय ठेवला की लाटेत जागा हरवत नाही. खणताना फावडं सिग्नलच्या चार-पाच बोटं मागे रोवून तिरकं घाला. मधोमध घातलंत तर नाण्यावर चरा पडणार, आणि तो कुठल्याही उपायाने जात नाही. खड्डा बुजवा. कासवांच्या अंडी घालण्याच्या दिवसांत भरतीरेषेच्या वर जाऊच नका, आणि वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं उपटू नका. हात न लावण्याची एकच वस्तू: दंडगोल, शेपटीसारखे पंख, गंजलेलं, आकाराच्या मानाने जड. युद्धातला दारूगोळा अजूनही समुद्रातून वर येतो. मागे व्हा, जागा खूण करा, पोलिसांना कळवा.

कायदा देशागणिक बदलतो आणि तो माहीत नसणं ही सबब चालत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे खजिन्यात मोडणारी वस्तू १४ दिवसांत कॉरोनरला (खजिन्याची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) कळवावी लागते. वस्तू फुटलेल्या जहाजातली असेल तर ती ‘रिसीव्हर ऑफ रेक’कडे, म्हणजे अशा मालाची नोंद घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, २८ दिवसांत. भारतात १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आहे, सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा असतो. आणि शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतं. फ्रान्समध्ये पुरातत्त्वीय वस्तूंच्या शोधासाठी डिटेक्टर वापरायलाच परवानगी लागते. किनारा एका खात्याचा, पाण्याखालची जमीन दुसऱ्याचीच, असं पुष्कळ ठिकाणी असतं. तेव्हा कॉइल पाण्यात बुडवण्याआधी विचारून घ्या. आणि एका जागी तीन-चार जुनी नाणी एकत्र, एखाद्या भांड्याच्या तुकड्यासकट दिसली तर खणणं थांबवा, फोटो काढा, कळवा. एकेकटं वाहत आलेलं नाणं वेगळं, जागेवर बसलेला ठेवा वेगळा. दुसऱ्यातली माहिती वस्तू हलवली की गेली.

साफसफाईचं शेवटी, कारण यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते मीही करून बसलोय.

माझं पहिलं जुनं नाणं वादळानंतरच्या तिसऱ्या सकाळी निघालं. पायरीच्या खाली, शिशाच्या चार तुकड्यांनंतर. काळीकुट्ट, वाकडी चकती, एका बाजूला शंखाचं पिल्लू चिकटलेलं. मला आधी बॅटरीचं झाकण वाटलं. मग प्रकाश तिरपा पडला आणि एका कडेला आकडे दिसले, चार, स्पष्ट. आनंदाच्या भरात ओल्या वाळूत अंगठ्याने घासलं. एकदा, दोनदा. अंगठा उचलला तर शेवटचे दोन आकडे नव्हते. समुद्रातली चांदी वरून गंधकाशी आणि क्लोरिनशी संयोग पावत जाते. कित्येकदा खाली निरोगी धातू उरलेलाच नसतो आणि नाण्याचा ठसा त्या काळ्या थरातच टिकून असतो. तो थर घासला की ठसाच निघून येतो. वाळू म्हणजे सॅंडपेपर, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा नाणं निघालं की घासू नका, खिशात इतर नाण्यांबरोबर खुळखुळवू नका, सुकूही देऊ नका. झाकणाच्या छोट्या डबीत समुद्राचंच पाणी घेऊन त्यात ठेवा. घरी आल्यावर साध्या पाण्यात, नंतर डिस्टिल्ड पाण्यात, पाणी रोज बदलत. किती दिवस? तांब्याच्या आणि काशाच्या नाण्याला कित्येक आठवडे. आत शिरलेलं मीठ बाहेर यायला तेवढा वेळ लागतोच. ते आत राहिलं आणि नाणं सुकवून कपाटात ठेवलं की काही महिन्यांनी त्यावर फिकट हिरवी भुकटी उमलते, खरवडली तरी पुन्हा येते. नाणेसंग्राहक याला काशाचा रोग म्हणतात. तांब्याचं क्लोराइड हवेतल्या दमटपणाशी मिळून आम्ल तयार करतं, ते आणखी तांबं खातं, आणि हे चक्र चालूच राहतं. भुकटी दिसली की ते नाणं इतरांपासून लगेच वेगळं करा आणि कोरड्या बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. किमती वाटत असेल तर पुढचं काम संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाचं.

लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, तारेचा ब्रश, इंटरनेटवरच्या चित्रफितींत दिसणारा बॅटरी चार्जरचा विद्युतप्रयोग, हे सगळं आधी चालू नाण्यांवर करून बघा आणि हौस फेडून घ्या. स्टेनलेस स्टीलचा चमचा बुडवून विद्युतप्रयोग तर करूच नका. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार निघतात, आणि पाण्यात मीठ टाकलं असेल तर क्लोरिन वायूही. आधुनिक नाण्यांची समुद्रात काय अवस्था होते तेही बघून ठेवण्यासारखं आहे. ब्रिटनची १९९२ नंतरची एक-दोन पेनी किंवा युरोचे छोटे सेंट म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद; काही वर्षांत ती गंजाचा गोळा होतात आणि चक्क प्राचीन दिसतात. अशा ‘प्राचीन’ नाण्याने मला एकदा अख्खी रात्र जागवलं होतं. सकाळी लोहचुंबक लावलं, चिकटलं.

घासल्याशिवाय ओळखायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च नाण्याच्या पातळीत आडवी धरा आणि नाणं हळूहळू फिरवत फोटो काढा. सपाट दिसणाऱ्या नाण्यावर एकदम ढालीची कड, क्रॉसची एक भुजा, अर्धं अक्षर उभं राहतं. मग वजन आणि घनता. शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर पाण्याची वाटी, आणि दोऱ्याने टांगलेलं नाणं तळाला न टेकवता बुडवायचं. नाणं बुडाल्यावर काट्यावर जितके ग्रॅम वाढतात तेवढे घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. २६.८ ग्रॅमचं नाणं बुडवल्यावर २.६ ने आकडा वाढला तर घनता १०.३, म्हणजे चांगल्या कसाची चांदी. साडेआठच्या आसपास आली तर पितळ, आणि मग भेटवस्तूंच्या दुकानातली प्रतिकृती असण्याची शक्यता फार. खरं नाणं समुद्रात पोखरलेलं असेल तर घनता थोडी कमी भरते, हे धरून चाला.

प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवा: तारीख, खांबापासून पावलं, खोली, बरोबर काय निघालं. शिशाची नोंदसुद्धा. दोन वर्षांनी या चिठ्ठ्या नकाशावर मांडल्यात की जड मालाचा पट्टा वादळांगणिक कसा सरकतो ते तुम्हाला दिसेल, आणि ते ज्ञान दुकानात मिळत नाही.

माझं ते अर्धवट सालाचं नाणं कुठल्याही संग्राहकाने घेतलं नाही, मीही विकायला काढलं नाही. त्याला एक भोक पाडून मासे धरायचा जाड दोरा बांधलाय. दर हंगामाच्या सुरुवातीला ओल्या वाळूत सव्वा वीत खोल पुरतो, दोऱ्याचं टोक वर ठेवतो, आणि मशीनचे आकडे त्याच्या आवाजावर लावतो.